पत आणि ऐपत : बिघडलेला पतइतिहास आणि क्रेडिट कार्ड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी या शाळेत गणित शिकवले. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतील अंतर फळ्यावर मांडताना ते सावकार, शेतकरी, वाणी आणि गिऱ्हाईक अशी जिवंत माणसे उदाहरणात आणीत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तेव्हा त्यांच्या नावाच्या व्याख्यानात क्रेडिट कार्डासारखा व्यवहारी विषय यावा यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की तो मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने का घ्यावा. त्याचे उत्तर असे की या विषयातील निम्मी अडचण आकड्यांची आहे आणि निम्मी शब्दांची; आणि शब्दांची अडचण सुटली म्हणजे आकड्यांची भीती पुष्कळ कमी होते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या काही वर्षांत भेटीला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघाचौघांनी आपली एक व्यथा मला सांगितली. नोकरी चांगली, पगार वेळेवर, घरात कशाची वाण नाही. परंतु बँकेकडे क्रेडिट कार्डासाठी वा घरकर्जासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण एकच : जुना पतइतिहास चांगला नाही. ही गोष्ट सांगताना प्रत्येकाचा आवाज आपोआप खाली आला. त्यांपैकी एकाने तर ‘सर, माझी पत गेली’ असेच शब्द वापरले. चोरीचा आळ आलेल्या माणसासारखा तो बोलत होता. त्याला जे सांगितले तेच आज थोडे विस्ताराने आपणापुढे मांडतो.

१. तीन शेजारी शब्द

ऐपत, पत आणि अब्रू हे तीन शब्द आपल्या बोलण्यात शेजारी शेजारी राहतात आणि म्हणूनच त्यांची सरमिसळ होते. ऐपत म्हणजे स्वतःच्या बळावर खर्च करण्याची शक्ती. पत म्हणजे आपल्या शब्दावर दुसऱ्याने पैसा वा माल सोपवावा इतका त्याचा आपल्यावरील भरवसा. अब्रू हा शब्द फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी, तेज आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू. ऐपत आपल्या तिजोरीत असते, पत दुसऱ्याच्या मनात असते आणि अब्रू चारचौघांच्या नजरेत असते.

या तिन्ही गोष्टी नेहमी एकत्र नांदतात असे नाही. वाडा, शेती, दागदागिने असूनही ज्याला किराणा दुकानदार उधारीवर पावशेर साखर देणार नाही अशी माणसे आपण पाहिलेली आहेत. उलट, खंडेराव मार्केटात सकाळी अडत्याकडून शब्दावर भाजी उचलून संध्याकाळी पैसे चुकते करणाऱ्या बाईची ऐपत बेताचीच असते. पण पत मात्र खणखणीत असते.

बँकेच्या संगणकावर दिसणारा पतगुणांक या तिहींपैकी काय मोजतो? ऐपत मोजत नाही. आपला पगार, घर, ठेवी, सोने यांची बेरीज त्या गुणांकात धरलेली नसते. अब्रू तर तो मुळीच मोजत नाही. पतीचाही तो फक्त एक लहानसा तुकडा मोजतो. नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून घेतलेले कर्ज आपण ठरल्या दिवशी फेडले की नाही, आणि आज आपल्यावर किती कर्ज आहे, एवढेच त्याला ठाऊक असते. वडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, मित्राला दिलेले हातउसने यांतील सचोटी त्याच्या कक्षेबाहेर राहते. हे लक्षात घेतले म्हणजे कमी गुणांक हा चारित्र्याचा दाखला ठरत नाही, हे ओघानेच येते. ती एका वहीतील नोंद आहे, आणि वहीतील नोंद वाचता येते, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेता येते व खरी असेल तर पुढील चांगल्या नोंदींनी मागे टाकता येते.

२. वही कोणाच्या हाती?

कर्जाच्या नोंदीचा प्रश्न आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पाहता पाहता तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात त्याची नोंद आहे. या उठावाचे वैशिष्ट्य असे की जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. तो त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि कोर्टाचे हुकूमनामे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदाने आपली जमीन जाते तो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्यात काय लिहिले आहे ते धनको सांगेल तेच खरे धरावे लागते, हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यातील एक तरतूद आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. शेतकरी ऋणकोने भरलेल्या पैशाची लेखी पावती त्याला मिळावी, वर्षातून एकदा हिशेबाचे टिपण मिळावे आणि मागितल्यास पासबुकात खाते उतरवून द्यावे, असे बंधन त्या कायद्याने धनकोवर घातले. आपल्यावरील कर्जाची नोंद पाहण्याचा हक्क ऋणकोलाही आहे, हे तत्त्व अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आले.

त्यानंतर दहाच वर्षांनी, ५ फेब्रुवारी १८८९ रोजी, आपल्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. अन्योन्यचा जन्म त्याच्याही पंधरा वर्षे आधीचा. भारतातील परस्परसाहाय्याच्या पतसंस्थांत तिचा मान पहिला समजला जातो. पुढे १९०६ साली बेळगाव जिल्ह्यात गोकाक व बेळगाव येथे अशा संस्था उभ्या राहिल्या आणि १९०८ साली सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. एकविसाव्या शतकात अन्योन्य बँक अडचणीत आली, हा इतिहासाचा वेगळा अध्याय आहे. पण पगारदार, मध्यमवर्गीय माणसाला सावकाराच्या दारी जावे लागू नये, ही मूळ कल्पना आपल्या या शहरात रुजली, याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

अशा मंडळ्यांचे भांडवल म्हणजे ओळख. सभासद एकमेकांना ओळखत. अमुक कारकून तमुक महिन्यात हप्ता का भरू शकला नाही, हे शेजारी राहणाऱ्या संचालकाला माहीत असे. आज मुंबईतील वा गुरगावमधील कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला आपली ओळख नसते. ओळखीची जागा आकड्याने घेतलेली आहे. यात लाभ आहे तसा तोटाही आहे. आकडा जात विचारीत नाही, कोणाचा जावई म्हणून सवलत देत नाही; पण घरात आजारपण होते म्हणून हप्ता चुकला, हेही तो समजून घेत नाही.

३. आजची वही

भारतात ‘क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो’, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली सिबिल, २००० साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे तसे आपण कोणत्याही पतगुणांकाला ‘सिबिल’ म्हणतो. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि साडेसातशेच्या वरचा गुणांक सामान्यतः चांगला समजला जातो. तथापि हा आकडा कायद्याने ठरवलेली उत्तीर्णतेची रेषा नव्हे. प्रत्येक बँक आपापला निकष लावते.

बँका, वित्तसंस्था आणि कार्ड देणाऱ्या कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या चौघींकडे पाठवतात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्यातून एकदा ती पाठवण्याचे बंधन घालण्यात आले. या माहितीवरून गुणांक काढताना मुख्यतः पाच गोष्टी पाहिल्या जातात : हप्ते वेळेवर भरले का, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, कर्जव्यवहार किती जुना आहे, कर्जे तारणी आहेत की विनातारणी, आणि अलीकडे नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले. यांत पहिल्या दोन गोष्टींचे वजन विशेष असते.

४. पत बिघडते ती कशी?

कर्ज घेऊन बुडवणाऱ्याची पत बिघडते, हे सांगायला व्याख्यान नको. सज्जन माणसाची पत कशी बिघडते, ते पाहणे उपयोगाचे आहे. माझ्या पाहण्यात आलेले चार प्रकार सांगतो.

पहिला प्रकार क्षुल्लक रकमेचा. मघाशी ज्याचा उल्लेख केला त्या विद्यार्थ्याने पहिल्या नोकरीच्या वेळी एक कार्ड घेतले होते. ते फारसे वापरले नाही. नोकरी बदलली, गाव बदलले, पत्ता बदलला. कार्ड रीतसर बंद न केल्यामुळे वार्षिक शुल्काचे काही शे रुपये त्याच्या नावावर पडले, त्यावर विलंबशुल्क आणि व्याज चढत गेले. शेवटी तगादा लावणाऱ्यांनी ‘निम्मे भरा, प्रकरण मिटवू’ असे सांगितले. त्याने भरले आणि निःश्वास टाकला. पण वहीत त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडला. हा शब्द कानाला शुभ वाटतो. पतअहवालाच्या परिभाषेत मात्र त्याचा अर्थ ‘पूर्ण रक्कम न घेता तडजोडीने मिटवले’ असा आहे, आणि पुढच्या धनकोला तो खटकतो. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडून बंद. ‘रिटन ऑफ’ म्हणजे वसुलीची आशा सोडून बँकेने आपल्या हिशेबातून निर्लेखित केलेले. निर्लेखित कर्ज माफ झालेले नसते, हेही ध्यानात ठेवावे. एका शब्दाने किती अनर्थ होतो, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गातही कधी सापडले नाही.

दुसरा प्रकार जामीनकीचा. आपल्या शिक्षक-कारकुनांच्या जगात सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे ही मोठी भावनेची गोष्ट असते. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले तर त्याची काळी छाया आपल्या अहवालावरही पडते. नाही म्हणणे जड जाते हे खरे. पण सही करायची तर ‘हे कर्ज उद्या माझे होऊ शकेल’ असे समजूनच करावी.

तिसरा प्रकार नावाच्या घोटाळ्याचा. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे विपुल. त्यातून आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली प्रथा. पॅन क्रमांक वा जन्मतारीख चुकीची नोंदली गेली की एकाचे थकलेले कर्ज दुसऱ्याच्या अहवालात येऊन बसते.

चौथा प्रकार नोंदच नसण्याचा. ‘पत’ या शब्दाला विभक्तिप्रत्यय लावताना त्याचे सामान्यरूप ‘पती’ होते, आणि आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांची पत खरोखरीच पतीच्या रूपात गेलेली असते. घर, कर्ज, कार्ड सारे यजमानांच्या नावावर. त्यांच्या पश्चात साठ वर्षांची, निवृत्तिवेतन मिळवणारी, आयुष्यात कोणाचा पैसा न बुडवलेली स्त्री बँकेत जाते तेव्हा तिच्या नावावर चांगली-वाईट कोणतीच नोंद नसते. जो पहिलाच अर्ज करतो त्याला केवळ पतइतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. तथापि विनातारणी कार्ड देताना बँका हात आखडता घेतात, हे वास्तव आहे.

५. कार्ड मिळवण्याची वाट

आता ज्याची पत बिघडलेली आहे वा नोंदलेलीच नाही त्याने काय करावे?

पहिली पायरी म्हणजे आपली वही स्वतः वाचणे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. १८७९ च्या कायद्यातील वार्षिक टिपणाशी त्याचे साम्य आपल्या लक्षात आले असेलच. कंपन्या चार असल्याने वर्षातून चार अहवाल फुकट मिळू शकतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. अहवालात प्रत्येक खात्याच्या मागील छत्तीस महिन्यांपर्यंतच्या परतफेडीचा तक्ता असतो. तो खाते खाते करून, पेन्सिल हातात घेऊन वाचावा.

दुसरी पायरी चुकीच्या नोंदींची. न घेतलेले कर्ज, फेडूनही उघडे दिसणारे खाते, चुकीचा पॅन क्रमांक अशी चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे व संबंधित बँकेकडे लेखी तक्रार करावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने असा नियम केला आणि २०२४ च्या एप्रिलपासून तो लागू झाला की तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी. तेवढ्यानेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

तिसरी पायरी खऱ्या थकबाकीची. थकलेली रक्कम असेल ती शक्य तर पूर्ण भरावी, ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा आणि तो जन्मभर जपून ठेवावा. पूर्वी ‘सेटल्ड’ झालेल्या खात्याची सोडलेली रक्कम आज भरण्याची ऐपत असेल, तर ती भरून खाते ‘क्लोज्ड’ म्हणून नोंदवाल का, असे बँकेला लेखी विचारावे. भरण्यापूर्वी हे उत्तर लेखी मिळवावे, हे महत्त्वाचे.

चौथी पायरी म्हणजे अर्जांची घाई न करणे. एका बँकेने नाकारले की माणूस त्वेषाने आणखी पाच ठिकाणी अर्ज करतो. प्रत्येक अर्जागणिक बँक अहवाल मागवते, त्या मागणीची नोंद होते आणि ‘हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे’ असा अर्थ निघून गुणांक आणखी घसरतो. त्याऐवजी नकाराचे कारण विचारावे. कार्डाचा अर्ज नाकारताना त्याचे विशिष्ट कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत कार्ड देणाऱ्यांना बजावलेले आहे.

पाचवी पायरी प्रत्यक्ष कार्डाची, आणि येथे सर्वांत खात्रीची वाट मुदत ठेवीवरील कार्डाची आहे. बँकेत मुदत ठेव ठेवावी, तिच्यावर बँकेचा बोजा नोंदवला जातो आणि ठेवीच्या साधारण पंचाहत्तर ते शंभर टक्के मर्यादेचे कार्ड मिळते. ठेवीवरील व्याज चालू राहते. मात्र कार्ड असेपर्यंत ठेव मोडता येत नाही आणि पैसे थकले तर बँक ते ठेवीतून वळते करून घेते. बँकेला धोका नसल्यामुळे गुणांक कमी असला, किंवा मुळीच नसला, तरी हे कार्ड सहसा मिळते. त्यावरील परतफेडीची नोंद इतर कार्डांप्रमाणेच वहीत जाते, हा त्याचा खरा उपयोग. कार्ड घेताना ही नोंद पाठवली जाते ना, एवढे विचारून घ्यावे. मुलाच्या वा पतीच्या कार्डावरील पुरवणी कार्डाने हे काम होईलच असे नाही, कारण त्या खात्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते.

समजा, पंचवीस हजारांच्या ठेवीवर वीस हजारांची मर्यादा मिळाली. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जाणकारांचा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणजे महिन्याला सहा हजारांपर्यंत. विजेचे बिल, किराणा, औषधे असा जो खर्च एरवीही होणारच आहे तेवढाच कार्डावर करावा आणि देयकाची पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेआधी भरावी. खात्यातून ती आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवणे उत्तम. २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम राहिली तरच ते खाते थकीत म्हणून कळवता येते. पण ही सवलत टपालाच्या वा यंत्राच्या दिरंगाईसाठी समजावी, आपल्या आळसासाठी नव्हे.

असे किती दिवस करायचे? याला ठराविक उत्तर नाही. जुनी नोंद निदान सात वर्षे जपून ठेवावी असा पतमाहिती कंपन्यांना नियम आहे, त्यामुळे ती एका रात्रीत पुसली जाणार नाही. परंतु नोंद जुनी होत जाते तसे तिचे वजन घटते आणि तिच्यावर नव्या चांगल्या महिन्यांचा थर बसत जातो. वर्षभराच्या नियमित परतफेडीनंतर साधारणतः फरक जाणवू लागतो. तेथवर धीर धरावा लागतो. याच ठिकाणी फसवणारे आपली दुकाने मांडून बसलेले असतात. ‘पाच हजार द्या, महिन्यात गुणांक वाढवून देतो’ असे म्हणणाऱ्याकडे असा कोणताही अधिकार नसतो. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद आपण स्वतः विनामूल्य दुरुस्त करून घेऊ शकतो. मग त्याला पैसे कशाचे द्यायचे?

६. साडेतीन टक्क्यांचे गणित

कार्ड मिळाल्यानंतरचा धोका नामंजुरीच्या दुःखापेक्षा मोठा असतो. मासिक देयकावर दोन रकमा छापलेल्या असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. यांतील दुसरी रक्कम हा मोठा मायावी मृग आहे. ती भरली की विलंबशुल्क लागत नाही आणि खाते थकीत ठरत नाही, एवढेच. व्याज मात्र चालू होते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर रोख रक्कम काढली तर पहिल्या दिवसापासूनच व्याज लागते.

गुरुजींच्या पद्धतीने एक उदाहरण मांडू. वीस हजार रुपये देणे आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. पुष्कळ कार्डांवर ते याच्या आसपास असते. महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १२६ रुपये. एकूण ८२६. किमान रक्कम पाच टक्के धरली तर आपण भरले १,००० रुपये. म्हणजे मुद्दल कमी झाले केवळ १७४ रुपयांनी. एक हजार भरूनही वीस हजारांचे देणे १९,८२६ वर राहिले. साडेतीन टक्के हा आकडा लहान दिसतो. वर्षाला तो बेचाळीस टक्के होतो.

आपल्या जुन्या व्यवहारात ‘दामदुपट’ हा नियम होता : साचलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला मात्र अशी कमाल मर्यादा कायद्याने आखलेली नाही. तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारप्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तो २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. म्हणून आपले रक्षण आपणच करायचे. रोख पैशाची खरी नड असेल तर मुदत ठेवीवर सरळ कर्ज घ्यावे. त्याचे व्याज ठेवीच्या दरापेक्षा थोडेच अधिक असते. ठेवीवरील कार्ड हे नोंद सुधारण्याचे साधन आहे, पैसा उभारण्याचे नव्हे. आणि एखादे कार्ड नको झाले तर ते कपाटात टाकून न देता लेखी अर्ज करून बंद करावे. बाकी काही देणे नसेल तर सात कामकाजी दिवसांत ते बंद करण्याचे आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड देण्याचे बंधन २०२२ च्या निर्देशांनी कार्ड देणाऱ्यांवर घातले.

७. समारोप

क्रेडिट कार्ड प्रत्येकाने घ्यावेच, असे माझे म्हणणे नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण आपल्या घरांनी दिली आणि ती आजही खरी आहे. ज्याला कार्डाची गरज नाही त्याने ते न घेतल्यास काही बिघडत नाही. परंतु ज्याला घर घ्यायचे आहे, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे आहे, त्याला या वहीशी आज ना उद्या गाठ घालावीच लागेल. ती वही लाजेपोटी न उघडणे हा त्यावरील उपाय नव्हे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी दप्तर जाळले, कारण ते वाचण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. आपल्यापुढे तो मार्ग आहे. आपण तर या शाळेत लिहायला-वाचायला शिकलेली माणसे आहोत. ज्यांच्या घरी आई, आत्या, काकू यांच्या नावावर काहीच नोंद नाही त्यांनी या सुट्टीत त्यांच्या नावाने एक लहानशी ठेव ठेवून आरंभ करून द्यावा. ज्यांची नोंद बिघडलेली आहे त्यांनी घरी जाऊन आपला अहवाल मागवावा, तो जोडीदाराला दाखवावा आणि त्यातील एकेक ओळ निकालात काढावी. मघाशी सांगितलेल्या विद्यार्थ्याने तेच केले. उरलेली रक्कम भरली, दाखला मिळवला, ठेवीवर कार्ड घेतले. आणि दोन वर्षांनी घरकर्जाच्या मंजुरीचे पत्र दाखवायला तो आला तेव्हा त्याचा आवाज खाली नव्हता.